रात्रीच्या व्हीटीचा फोटो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस स्टेशनचे (सीएसएमटी), म्हणजे आमच्या तोंडात अजून बसलेल्या व्हीटीचे, रात्रीचे फोटो कुणाला दाखवले की तेच तेच प्रश्न येतात. किती वाजता गेलीस, कुठे उभी होतीस, पोलिसांनी काही म्हटलं नाही का, माझ्या मोबाईलवर असं का येत नाही. गेली बरीच वर्षं मी त्या चौकात जातेय, आता एकदा सगळं नीट लिहून ठेवते.

सगळ्यात चांगली वेळ कोणती?

रात्र नाही, संध्याकाळ. हे ऐकून लोक नाराज होतात पण खरं तेच आहे. आकाश पूर्ण काळं झालं की दिवे पडलेला भाग भगभगीत, बाकी सगळा काळा, आणि घुमटाची कड आकाशात कुठे संपते तेच कळत नाही. सूर्य मावळल्यावर थोडा वेळ आकाश गडद निळं असतं, त्या वेळी आकाशाचा उजेड आणि भिंतीवरचे दिवे साधारण एका ताकदीचे होतात आणि दगडावरची नक्षी पण दिसते, दिवे पण दिसतात, घुमटाची आउटलाइन पण सुटी दिसते.

आता यातली व्हीटीची खास गोष्ट, जी मला पहिल्या दोन-तीन फेऱ्या फुकट गेल्यावर समजली. इमारतीचं तोंड पश्चिमेला आहे, म्हणजे फोटो काढताना तुमचं तोंड पूर्वेला. आणि सूर्यास्तानंतर आधी काळोखतं ते पूर्वेचं आकाश. समुद्रावर मरीन ड्राइव्हला अजून केशरी-जांभळं चाललेलं असतं तेव्हा इथे घुमटामागे निळं गडद व्हायला लागलेलं असतं. मुंबईत तसाही संधिप्रकाश छोटा, सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांत खेळ आटोपतो, त्यामुळे मरीन ड्राइव्हला सनसेट बघून मग टॅक्सीने व्हीटीला येऊ असा प्लॅन केलात तर व्हीटीचं निळं आकाश हुकलंच समजा.

पण याचाच एक फायदा आहे. तुमच्या पाठीमागची महानगरपालिकेची इमारत उलट्या दिशेला आहे, चौकातून तिच्याकडे बघितलं की मागे वायव्येचं आकाश येतं आणि ते जास्त वेळ उजळ राहतं. म्हणून आधी व्हीटी, ते काळं पडायला लागलं की रस्ता ओलांडून मागे वळायचं आणि महापालिका. दोन्ही इमारती एकाच माणसाने डिझाइन केल्यात, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. एका संध्याकाळी, एकाच चौकात, दोन्ही निळ्या आकाशासकट मिळतात.

म्हणजे घड्याळात नक्की किती वाजता?

नोव्हेंबर-डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या आसपास, जून-जुलैत सव्वासातच्या आसपास. कालनिर्णयवर त्या दिवसाची वेळ बघा आणि निदान अर्धा तास आधी जागेवर उभे राहा. दिवे रोज त्याच मिनिटाला लागतील असं धरून चालू नका, जमलं तर एक दिवस आधी नुसतं बघायला जा.

पहाटे गेलं तर?

रस्ता रिकामा मिळतो आणि इमारतीच्या मागून उजाडतं ते सुंदर दिसतं, पण पहाटे बाहेरचे दिवे चालू असतीलच असं नाही. आउटलाइन हवी असेल तर जा, दिव्यांसाठी संध्याकाळच.

उभं कुठे राहायचं?

पहिली जागा सगळ्यांना माहीत असलेली, महापालिकेच्या इमारतीबाहेर फुटपाथवर मुद्दाम फोटोसाठी केलेली गॅलरी, लोक तिला सेल्फी पॉइंट म्हणतात. तिथून घुमट आणि इमारतीचे पुढे आलेले दोन्ही भाग एका फ्रेममध्ये बसतात. गर्दी असते, सेल्फीवाले येत-जात राहतात, त्यांच्यावर चिडू नका, कठड्याला एक कोपरा धरून थांबा.

दुसरी जागा चौकातच पण जमिनीवरून, फुटपाथवर खाली बसून. रस्ता फोरग्राउंडला येतो, बेस्टच्या लाल बस, काळ्या-पिवळ्या टॅक्सी, झेब्रा क्रॉसिंग सगळं मिळतं. डिव्हायडरवर उभं राहून फोटो काढणारे रोज दिसतात, कृपा करून ते करू नका, रस्ता ओलांडायला खाली सबवे आहे. आणि स्टेशनचं रीडेव्हलपमेंटचं काम चालू आहे, म्हणून कधी पत्रे, कधी बॅरिकेड मध्ये येतात, त्या दिवशी रस्ता सोडून लांब लेन्सने वरचा भाग घ्यायचा.

तिसरी माझी आवडती, गेटजवळ. तिथे दोन खांबांवर एक सिंह आणि एक वाघ बसलेत, सिंह ब्रिटनचा आणि वाघ हिंदुस्थानचा म्हणून. रोज लाखो लोक त्यांच्यासमोरून लोकल पकडायला पळतात आणि मान वर करून कुणी बघत नाही. वाघ पुढे आणि मागे उजळलेला घुमट असा फोटो घ्या, सेल्फी पॉइंटवरून सगळ्यांकडे असतो त्यापेक्षा तो कितीतरी जिवंत वाटतो.

कॅमेऱ्याचं सेटिंग सांगा ना.

सुरुवातीला हे ठेवा: ट्रायपॉडवर, मॅन्युअल मोड, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, एफ (लेन्सचं भोक किती उघडं ते) ८, आणि शटर (किती वेळ उघडं राहतं ते) निळ्या आकाशाच्या वेळी १ ते २ सेकंद, अंधार पडल्यावर ४ ते ८ सेकंद. मग स्क्रीनवर बघून कमी-जास्त करा. दोन सेकंदांचा सेल्फ टायमर लावा म्हणजे बटण दाबताना बसणारा धक्का फोटोत येत नाही. ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद करून बघा, काही लेन्स स्थिर उभ्या असताना पण उगाच हलत राहतात. फोकस घुमटाखालच्या घड्याळावर करा, तिथे कॉन्ट्रास्ट चांगला मिळतो, आणि फोकस झाला की मॅन्युअलवर टाकून द्या नाहीतर दर फोटोला कॅमेरा परत शोधत बसतो. रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा. हे ऐच्छिक नाहीये माझ्या मते, कारण दिव्यांचा पिवळेपणा नंतर दुरुस्त करायचा तर जेपेगमध्ये फार थोडं हातात राहतं.

ट्रायपॉड नाहीये माझ्याकडे.

अंधारात आयएसओ ३२००, एफ २.८, १/६० च्या आसपास हातात धरून जमतं. थोडा नॉइज येईल, येऊ दे, हललेल्या फोटोपेक्षा दाणेदार फोटो कधीही बरा. कठडा, खांब, बॅग, काहीही टेकायला घ्या.

माझ्या फोटोत बिल्डिंग पांढरी फटक किंवा नुसती जांभळी-निळी येते, नक्षी कुठे गेली?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो. ही इमारत दिव्यांनी मोठी झालेली नाही. १८७८ ला काम सुरू होऊन साधारण दहा वर्षं हे दगड कोरले गेले, त्यात सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात आहे, मोर आहेत, माकडं आहेत, पानंफुलं आहेत, गोल चौकटीत माणसांचे चेहरे आहेत, पाणी ओकणारे प्राणी आहेत. २००४ ला युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं ते या सगळ्यासाठी. फोटोत दगड दगडासारखा दिसला पाहिजे, एवढी एकच गोष्ट मी बघते.

आता होतं काय की फ्रेममध्ये काळं आकाश जास्त असलं की कॅमेऱ्याला वाटतं सगळं अंधारात आहे, तो एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घ्यायचा उजेड, वाढवतो आणि दिव्यांजवळचा दगड जळून पांढरा होतो. एक ते दीड स्टॉप कमी करा, एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. आणि रंगीत एलईडीचं आणखी वेगळं दुखणं आहे. निळा किंवा जांभळा प्रकाश असेल तर निळा चॅनल एकटाच भरून वाहतो, साध्या हिस्टोग्राममध्ये (उजेडाच्या आलेखात) सगळं आलबेल दिसतं आणि घरी येऊन बघावं तर भिंतीवर सपाट रंगाचा पट्टा, त्यात नक्षीचा मागमूस नाही. म्हणून कॅमेऱ्यात लाल-हिरवा-निळा वेगळा दाखवणारा हिस्टोग्राम चालू करा आणि त्यातला एकही रंग उजव्या भिंतीला आपटत नाहीये ना ते बघा. मोबाईलवर असाल तर इमारतीच्या सगळ्यात उजळ भागावर बोट ठेवून एक्स्पोजर खाली ओढा.

खरं सांगायचं तर साधा पिवळसर उजेड असतो त्या दिवशी इमारत सगळ्यात देखणी दिसते, कारण खालून येणाऱ्या एका रंगाच्या उजेडात प्रत्येक कोरीव पानाची सावली वर पडते आणि खोली कळते. अनेक रंग झाले की त्या सावल्या पुसल्या जातात.

मग १५ ऑगस्ट, २६ जानेवारीला तिरंगा लाइटिंग असतं तेव्हा जाऊच नको का?

जा की! ते बघायला मलाही आवडतं आणि त्या गर्दीतल्या लोकांचे चेहरे हाच मोठा विषय असतो, खांद्यावर बसलेली पोरं, हातात छोटे झेंडे. फक्त केशरी आणि हिरव्याचं एक्स्पोजर सांभाळा, पांढरा पट्टा आधी जळतो. अख्खी इमारत काढण्यापेक्षा माणसं पुढे आणि रंग मागे असं काढा.

व्हाइट बॅलन्स काय ठेवू?

व्हाइट बॅलन्स म्हणजे दिव्याचा पिवळा-निळा रंग कॅमेऱ्याने कसा धरायचा ते. ऑटो नको, दर फोटोला रंग बदलतो. ३२०० ते ४००० केल्विनच्या मध्ये कुठेतरी ठेवा. खूप खाली आणलं तर दगड राखाडी, मेलेला दिसतो, त्याचा उबदारपणा थोडा राहू द्या.

गाड्यांच्या दिव्यांच्या लांब रेषा कशा काढतात?

एफ १६, आयएसओ १००, १५ सेकंदांच्या आसपास. सिग्नल सुटायच्या आधी एक-दोन सेकंद बटण दाबा. पांढरे हेडलाइट समोरून आले की फोटो खातात, लाल टेललाइट जास्त शोभतात, म्हणून गाड्या तुमच्यापासून लांब जातायत ती बाजू निवडा. डबलडेकर बस गेली तर दोन मजल्यांवर दोन रेषा मिळतात, हे दुसऱ्या शहरात सहसा मिळत नाही. जुन्या डबलडेकर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, आता इलेक्ट्रिक एसी आहेत, आणि सीएसएमटीकडून नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहाकडे जाणाऱ्या मार्गावर त्या दिसतात.

आणखी एक सोपी पद्धत, चार-चार सेकंदांचे दहा-बारा फोटो न हलवता काढा आणि घरी सॉफ्टवेअरमध्ये लाइटन मोडने (प्रत्येक जागी जास्त उजळ तेच राहतं) एकावर एक चढवा. बस मध्येच आडवी थांबली तर तेवढा एक फोटो काढून टाकता येतो, अख्खी फ्रेम वाया जात नाही.

इमारत मागे पडल्यासारखी दिसते, वर निमुळती होत जाते.

कॅमेरा वर वाकवलात ना म्हणून. कॅमेरा सरळ, जमिनीला काटकोनात ठेवा आणि मागे सरका, रस्ता जास्त आला तरी चालेल, नंतर खालून कापा. मागे जागा नसेल तर वाइड लेन्सने चारी बाजूंनी जास्तीची जागा सोडून काढा आणि एडिटिंगमध्ये उभ्या रेषा सरळ करा, त्यात कडा कापल्या जातातच. टिल्ट-शिफ्ट लेन्स याच कामासाठी असते पण महाग असते, भाड्याने मिळाली तर एकदा वापरून बघा.

मोबाईलवर चांगला येईल का?

येतो, खरंच येतो. आधी लेन्स पुसा, मुंबईच्या घामाच्या हाताचे ठसे असतात आणि त्यानेच दिव्यांभोवती धुरकट वर्तुळं येतात. ०.५ ची वाइड लेन्स नको, १ एक्सच ठेवा, तिचा सेन्सर बऱ्याच फोनमध्ये मोठा असतो. नाइट मोड चालू, फोन कठड्यावर टेकवून ३ सेकंदांचा टायमर. झूम शक्यतो टाळा.

फोटोत हिरवे ठिपके उडतायत ते काय आहे?

लेन्सच्या आतल्या काचांमध्ये दिव्याचं प्रतिबिंब पडतं. कॅमेऱ्यावर यूव्ही फिल्टर असेल तर आधी तो काढा, रात्री त्याचा उपयोग शून्य आणि त्रास फार. मोबाईलवर असेल तर दिवा फ्रेमच्या मध्यापासून थोडा सरकवा, ठिपका काळ्या आकाशात गेला की पुसायला सोपा.

ट्रायपॉड लावला तर पोलीस हटकतात का?

फुटपाथवर कुणाच्या वाटेत न येता छोटा ट्रायपॉड लावला तर मला बहुतेक वेळा कुणी काही म्हटलेलं नाही, पण हटकलं तर वाद घालू नका, काय करतोय ते स्क्रीनवर दाखवा, नाही म्हणाले तर गुंडाळा. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री याच स्टेशनात काय झालं ते विसरून कसं चालेल, तिथे पहाऱ्यावर असलेल्या माणसाने मोठ्या बॅगेकडे दोनदा बघणं हे त्याचं कामच आहे. स्टेशनच्या आत मात्र गोष्ट वेगळी, ट्रायपॉड, मोठा कॅमेरा, मॉडेल घेऊन शूट वगैरे करायचं तर मध्य रेल्वेकडून आधी परवानगी काढा.

ड्रोन?

नको. दक्षिण मुंबईत सुरक्षेच्या कारणांनी कडक निर्बंध असतात, पोलिसांचे मनाईचे आदेशही वेळोवेळी निघतात. विषय संपला.

काढलेला फोटो विकता येतो का, इमारतीचा कॉपीराइट असतो ना?

भारतात इमारतीचा फोटो काढणं आणि छापणं हे कॉपीराइटचं उल्लंघन धरत नाहीत, १९५७ च्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये तशी स्पष्ट सूट आहे. पॅरिसच्या आयफेल टॉवरच्या रात्रीच्या रोषणाईवर हक्क सांगितला जातो ते इथे लागू नाही. पण ट्रेडमार्क वेगळा विषय. कुलाब्याच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलने २०१७ मध्ये आपल्या इमारतीच्या रूपाचा ट्रेडमार्क घेतलाय, त्यामुळे तिचा फोटो टी-शर्टवर किंवा मगवर छापून विकायचा विचार असेल तर आधी वकिलाला विचारा. घरच्या भिंतीवर लावायला काहीच अडचण नाही.

घुमटामागे चंद्र हवाय, पौर्णिमेला गेलो तर चंद्र दिसलाच नाही.

हे सगळ्यांचं होतं. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, पूर्वेलाच, म्हणजे इमारतीच्या मागेच, पण उगवतो क्षितिजावर आणि तुम्ही उभे आहात रस्त्यावर, समोर एवढी उंच इमारत. तो घुमटाच्या वर येईपर्यंत आकाश काळं ठिक्कर झालेलं असतं. म्हणून पौर्णिमेच्या एक-दोन दिवस आधी जा, शुद्ध त्रयोदशी किंवा चतुर्दशी. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणजे दोन दिवस आधी तो सूर्यास्ताला बराच वर चढलेला असतो आणि आकाश अजून निळं असतं. दिशाही बदलते, थंडीतल्या पौर्णिमेचा चंद्र ईशान्येकडे सरकून उगवतो आणि उन्हाळ्यातला आग्नेयेकडे, त्यानुसार चौकात डावी-उजवीकडे सरकायला लागतं. कोजागरीच्या आधीची त्रयोदशी मी दरवर्षी कॅलेंडरवर खूण करून ठेवते, पाऊस सरलेला असतो, हवा धुतलेली असते.

पावसाळ्यात जाण्यात काही अर्थ आहे का?

माझ्यासाठी तोच सीझन आहे! पाऊस थांबल्यावर लगेच, रस्ता ओला असताना, अख्खी रोषणाई डांबरावर उलटी उतरते. साचलेल्या पाण्याजवळ कॅमेरा अगदी जमिनीलगत न्या, चार बोटं पाण्यात पण आख्खा घुमट मावतो. थंडीत मुंबईच्या हवेत धुरकट असतं, पावसात ते नसतं, हा फरक पण फोटोत कळतो.

एकच सांभाळा. मी एकदा जुलैत एसी टॅक्सीतून उतरले आणि लगेच कॅमेरा काढला, लेन्सवर बाहेरून आतून वाफ धरली आणि ती जाईपर्यंत निळं आकाश गेलं होतं, भर पावसाळ्यात मिळालेली स्वच्छ संध्याकाळ, अजून हळहळ वाटते. तेव्हापासून कॅमेऱ्याची बॅग बंदच ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू देते आणि मग उघडते. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या, खिशात सुती रुमाल.

व्हिडिओत इमारतीवर काळे पट्टे सरकतात.

आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा, पट्टे बहुतेक वेळा जातात.

एडिटिंग किती करता?

उभ्या रेषा सरळ, हायलाइट खाली, सावल्या किंचित वर, थोडा नॉइज कमी. बस. एचडीआर करून (उजळ-काळोखे अनेक फोटो एकत्र करून) प्रत्येक कोनाडा सारखा उजळ करतात ते मला पटत नाही, कोनाड्यात अंधार आहे म्हणून तर कमान पुढे आलेली दिसते.

पुण्याहून किंवा कोल्हापूरहून येऊन त्याच दिवशी परत जमेल का?

डेक्कन क्वीन संध्याकाळी ५ वाजून १० मिनिटांनी सुटते, म्हणजे दिवे लागायच्या आधीच, तिने परत जायचं असेल तर विसरा. कोल्हापूरची महालक्ष्मी आठनंतर आहे, तिचं रिझर्वेशन असेल तर फोटो काढून, सबवेतून रस्ता ओलांडून, आरामात गाडी मिळते. त्या दिवसाची वेळ तेवढी तपासून घ्या.

एकट्या मुलीने रात्री तिथे कॅमेरा घेऊन उभं राहणं ठीक आहे का?

मी उभी राहते. रात्री दहापर्यंत चौकात भरपूर वर्दळ असते, पोलीस असतात. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात किंवा मनगटात, बॅग दोन पायांच्या मध्ये, आणि स्क्रीनमध्ये डोकं घालून बसले की आजूबाजूचं भान जातं म्हणून शक्यतो कुणाला तरी बरोबर न्या.

एकच फोटो काढायला वेळ आहे, कोणता काढू?

घुमटाच्या टोकावरची बाई. लोक तिला व्हिक्टोरिया राणी समजतात पण ती प्रगतीची मूर्ती आहे, एका हातात उंच धरलेली मशाल आणि दुसऱ्या हाताशी आऱ्यांचं चाक. राणीचा पुतळा खाली होता, आता ती जागा रिकामी आहे. गॅलरीतून २०० मिलिमीटरच्या आसपासची लेन्स लावा, खालचा रस्ता, पत्रे, बॅनर सगळं सोडून द्या, फक्त घुमटाच्या वरच्या फासळ्या आणि ती. सूर्यास्तानंतर साधारण पंधराव्या मिनिटाला तिच्या मागचं आकाश शाईच्या दौतीसारखं होतं आणि खालून आलेला उजेड मशालीपर्यंत पोचतो न पोचतो, तेव्हा दाबा.